आडनावाचा रकाना

तरावीहहून घरी आलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. भाची ओसरीत चटईवर लॅपटॉप घेऊन बसलेली. बहिणीचं घर आमच्यापासून फार लांब नाही, पण एवढ्या रात्री ती कधी येत नाही. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "मामू, सब लोगां के नावां उलटे हो गए."

ईदनंतरच्या आठवड्यात तिला पीएच.डी.चा प्रबंध जमा करायचा होता. विषय मराठवाड्यातल्या मुस्लिम लेखकांचं मराठी लेखन. चार वर्षांचं काम. प्रकरणं लिहून झाली होती, तपासून झाली होती. राहिली होती ती शेवटची वीस पानं, म्हणजे संदर्भसूची. मार्गदर्शकांनी ती लाल पेनानं रंगवून परत पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, की यातले निम्मे लेखक मला ओळखू येत नाहीत, आणि त्यातल्या चौघांबरोबर मी चहा घेतलेला आहे.

मी यादी हातात घेतली. ज्यांना आपण शेख म्हणून ओळखतो ते आपापल्या वडिलांच्या नावाखाली जाऊन बसले होते. एकाचं आडनाव 'डॉ.' होतं. एक लेखिका नुसती 'बेगम' होती. हैदराबादला छापलेलं एक उर्दू पुस्तक इसवी सन १३४५ चं होतं, म्हणजे बहमनी राज्य स्थापन व्हायच्या दोन वर्षं आधीचं!

भाची रडवेली झाली होती. कारण ही नावं तिनं आदल्या आठवड्यात तीन दिवस बसून एकेक करून दुरुस्त केली होती. साठेक नावं. मग प्रबंधात एक नवी तळटीप घातली, यादी ताजी करायचं बटण दाबलं, आणि साठच्या साठ नावं पुन्हा होती तशी. 'उलटे हो गए' म्हणजे हे.

मी काही संगणकाचा माणूस नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. करताना आम्हाला संगणक दाखवला होता, शिकवला नव्हता. जे येतं ते शाळेची माहिती पोर्टलवर भरता भरता आलेलं. पण त्या रमजानात तरावीहपासून सहरीपर्यंतच्या वेळात आम्ही मामा-भाचीनं ही यादी दुरुस्त केली आणि त्यात जे कळलं ते लिहून ठेवतोय. आपल्यातली किती तरी मुलंमुली आता संशोधन करतात. त्यांच्या घरीही रात्री असंच कुणी तरी चटईवर बसलेलं असेल.

तिनं वापरलेल्या सॉफ्टवेअरचं नाव झोटेरो. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांच्या केंद्रानं ते काढलं. फुकट आहे. नाव अल्बेनियन भाषेतलं, आत्मसात करणं अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं. मेंडेली, एंडनोट अशी आणखीही आहेत, पण खोड सगळ्यांची साधारण एकच. ब्राउझरमध्ये वरच्या कोपऱ्यात एक बटण बसवायचं. एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकाची नोंद उघडली की ते बटण दाबायचं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल सगळं आपोआप तुमच्या संग्रहात जाऊन पडतं. मग प्रबंध लिहिताना तळटीप टाका, सूची आपोआप तयार.

'आपोआप' या शब्दावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. शाळेत काम केलेल्या माणसाला टी.सी. म्हणजे काय ते माहीत असतं. जुन्या शाळेच्या कारकुनानं टी.सी.वर 'शेख' चं 'शेक' लिहिलं की नव्या शाळेच्या रजिस्टरला 'शेक', बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'शेक', आणि मग बाप राजपत्रात नाव बदलायला फेऱ्या मारतो. नव्या कारकुनाची चूक नसते, त्यानं समोर होतं ते उतरवलं. ते बटण म्हणजे तोच नवा कारकून. आपल्याला दिसणाऱ्या पानाच्या पाठीमागे संकेतस्थळानं काही माहिती लपवून ठेवलेली असते: हा लेखक, हे शीर्षक, ही तारीख. बटण ती उचलतं. पुस्तक त्यानं पाहिलेलं नसतं. मोठ्या ग्रंथालयांसाठी आणि नियतकालिकांसाठी झोटेरोवाल्यांनी खास अनुवादक लिहून ठेवलेत, म्हणजे त्या त्या संकेतस्थळाची भाषा समजणारे छोटे प्रोग्रॅम. जिथे तसा अनुवादक नाही आणि पानामागे माहितीही नाही, तिथे बटण आपलं नुसतं 'वेब पेज' म्हणून पानाचा फोटो काढून ठेवतं. भाचीच्या संग्रहात अशी चाळीस 'वेब पेजं' होती. आतली पुस्तकं होती, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती पुस्तकं नव्हती.

हे आधीच ओळखता येतं, हे आम्हाला दुसऱ्या रात्री कळलं. बटणाचं चित्र बदलतं. पुस्तकाचं चित्र आलं तर त्याला पुस्तक दिसलंय. फोल्डरचं आलं तर त्याला बरीच पुस्तकं दिसताहेत, म्हणजे तुम्ही अजून शोधाच्या यादीवर आहात, एका नोंदीवर गेलेला नाहीत. साध्या करड्या पानाचं चित्र आलं तर थांबायचं, दाबायचं नाही. बाण बटणावर नुसता टेकवला तरी कोणता अनुवादक काम करणार ते लिहून येतं. भाचीची एक सवय अशी होती की ती थेट पीडीएफ उघडायची आणि तिथून बटण दाबायची. पीडीएफच्या टॅबमागे पुस्तकाची नोंद नसते. अशा वेळी सॉफ्टवेअर फाइलची पहिली काही पानं वाचून ओळखायचा प्रयत्न करतं, पण आपली जुनी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेली चित्रं, त्यात वाचायला अक्षरच नाही. तेव्हा एक पाऊल मागे यायचं, जिथे पुस्तकाचं नाव-गाव लिहिलेलं पान आहे तिथे, आणि तिथून घ्यायचं.

बटण अजिबात चाललंच नाही तर आधी झोटेरो स्वतः संगणकावर उघडलेलं आहे का ते बघायचं. हसू नका, दोन वेळा तेवढंच कारण होतं. मग बटणाच्या सेटिंगमध्ये अनुवादक ताजे करायची सोय आहे ती वापरायची, कारण संकेतस्थळांनी आपली मांडणी बदलली की जुना अनुवादक आंधळा होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पानावर 'साइट' किंवा 'एक्स्पोर्ट' असं काही आहे का बघायचं. तिथून आरआयएस किंवा बिबटेक्स नावाची फाइल उतरवून घेता येते आणि ती झोटेरोत आयात करता येते. पुस्तकावर आयएसबीएन असेल तर जादूच्या कांडीच्या चित्रावर क्लिक करून नुसता आकडा टाकायचा. आपल्या कामात या कांडीचा उपयोग कमी. आयएसबीएनचा जागतिक नियमच १९७० चा. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' ची जुनी प्रत हातात घेऊन तिच्यावर आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे सरळ हातानं टाइप करायचं. चार ओळी असतात, पाच मिनिटं लागतात. भाचीनं अशा एका पुस्तकाची 'तयार' नोंद शोधण्यात दीड तास घालवला होता.

ही झाली यंत्राची बाजू. ती दोन रात्रीत संपली. नावांना त्यानंतर आठ रात्री लागल्या.

आपल्याकडे, म्हणजे मराठवाड्यात, मुसलमान माणसाचं शाळेतलं नाव कसं असतं? 'शेख अमुक शेख तमुक'. आडनाव, माझं नाव, पुन्हा आडनाव, अब्बांचं नाव. सय्यदांचं तसंच, खानांचं थोडं वेगळं, मिर्झा-बेगांचं आणखी वेगळं. परभणी, नांदेड, हिंगोली, कुठल्याही शाळेचं रजिस्टर उघडा, हीच रचना. आता सॉफ्टवेअरचा नियम बघा. नावात स्वल्पविराम असला तर त्याच्या आधीचं ते आडनाव. स्वल्पविराम नसला तर शेवटचा शब्द आडनाव. 'शेख अमुक शेख तमुक' मध्ये शेवटचा शब्द कोणता? तमुक. म्हणजे अब्बांचं नाव. झालं, पोरगा वाचनालयाच्या रांगेत बापाच्या जागी उभा. तो नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या गावात जॉन स्मिथ राहतो, त्यांना दोष कसा द्यायचा? पण जॉन स्मिथचा नियम शेखाला लावला की शेख हरवतो, हेही खरंच.

त्याहून अवघड नावं जुनी. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे. त्यांचं आडनाव काय लावाल? तिथे शेख हे आडनाव नाही आणि महंमद हेही आडनाव नाही. पूर्ण नाव एकच, तोडायचं नाही. झोटेरोत नावाच्या ओळीशेजारी एक छोटं बटण असतं, त्यानं दोन रकान्यांचा एक रकाना होतो. शेख महंमदांना एका रकान्यात अखंड बसवलं. ज्ञानेश्वरांना जसं बसवतो तसंच.

मौलवी अब्दुल हक यांच्यापाशी मी स्वतः अडलो. बाबा-ए-उर्दू. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं काम त्यांनी किती तरी वर्षं औरंगाबादेतून चालवलं, 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ साली तिथूनच सुरू केलं. यादीत ते होते 'हक, अब्दुल'. मी वर्गात मुलांना सांगत आलोय की 'अब्दुल' हे नाव नव्हे, 'चा बंदा' एवढाच त्याचा अर्थ. कुणाचा, ते पुढचा शब्द सांगतो. ते दोन शब्द तोडायचे, अल्लाहचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकायचं आणि माणसाजवळ नुसतं 'चा बंदा' ठेवायचं, हे माझ्या हातून होईना. भाची म्हणाली, मामू, इंग्रजी पुस्तकांत असंच छापतात. छापत असतील. आम्ही एका रकान्यात 'अब्दुल हक' ठेवलं. त्याच न्यायानं 'जमाल उद दीन' असं सुटं लिहिलेलं नाव जोडून घेतलं, नाही तर 'दीन' नावाचं एक मोठं खानदान यादीत तयार झालं होतं. वली औरंगाबादी आणि सिराज औरंगाबादी हे दोघंही 'औरंगाबादी' या आडनावाखाली लागोपाठ आले होते, सख्ख्या भावांसारखे. दोघंही गावाच्या नावानं ओळखले जाणारे शायर.

ते 'डॉ.' कुठून आलं होतं? एका ग्रंथसूचीत नाव 'शेख अमुक डॉ.' असं टाकलेलं. शेवटचा शब्द आडनाव. नियम म्हणजे नियम.

आता पठाण सर. यू. म. पठाण, मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख, महानुभाव वाङ्मयाचे मोठे अभ्यासक, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फ. म. शहाजिंदे. एका वर्षात दोन व्यासपीठं, दोन मुसलमान अध्यक्ष, दोघंही मराठवाड्यात काम केलेले. भाचीच्या दुसऱ्या प्रकरणाचा कणाच तो. आणि तिच्या यादीत पठाण सर तीन माणसं होते: 'पठाण, यू. म.', 'पठाण, युसुफखान महंमदखान', आणि इंग्रजी लिपीतून आलेले तिसरेच कोणी. सॉफ्टवेअरला पुस्तकाचं शीर्षक जुळलं तर दोन नोंदी एकच आहेत असा संशय येतो आणि तो तशी वेगळी यादी दाखवतो, तिथे दोन्ही एकत्र करता येतात. पण वेगवेगळ्या पुस्तकांवर एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी असेल तर त्याला काही कळत नाही. उलट ही वेगळी माणसं आहेत असं समजून तो प्रबंधात त्यांच्या नावांमागे आद्याक्षरं लावत बसतो, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून! 'मुहम्मद' हे नाव तिच्या संग्रहात सहा प्रकारे लिहिलेलं होतं. महंमद, महम्मद, मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद आणि नुसतं 'मो.'. एक वही घेतली. डाव्या बाजूला सापडलेली रूपं, उजव्या बाजूला आम्ही ठरवलेलं रूप. माणूस स्वतः मराठीत आपलं नाव जसं लिहायचा, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर जसं छापलंय, तसं. ही वही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाला आली.

यात मला एवढा रस का, ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका स्मरणिकेसाठी लेख लिहिला होता, उर्दू शाळांत मराठी कशी शिकवली जाते यावर. त्यात एका पुस्तिकेचा हवाला दिला. पुस्तिका पाहिली नव्हती, दुसऱ्या कुणाच्या यादीतून नाव उतरवलं होतं. एक आद्याक्षर आणि 'सय्यद'. मी लिहिलं, 'सय्यद म्हणतात', आणि पुढे 'ते', 'त्यांनी', 'एक अनुभवी गृहस्थ'. वर्षभरानं जिंतूरला एका लग्नात एक वयस्क बाई माझ्याजवळ आल्या. निवृत्त शिक्षिका. लेख वाचला म्हणाल्या, चांगला आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बेटा, वो किताब मैंने लिखी. ये गृहस्थ कौन है?" बिर्याणीचं ताट हातात तसंच राहिलं. त्या हसल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, विषय बदलला. त्या आता नाहीत. ती स्मरणिका मात्र आहे, आणि त्यात त्या अजून गृहस्थ आहेत.

म्हणून 'बेगम' दिसलं की मी थांबलो. अशा पाच बेगम होत्या यादीत. नुसतं आडनाव म्हणून 'बेगम', पुढे एक अक्षर. पाचही पुस्तकांची पहिली पानं काढून बघितली. तीन घरी होती, एक कॉलेजच्या ग्रंथालयात, एक बीडहून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. पाचही बायका पूर्ण नावानं यादीत आल्या.

सालाची गोष्ट नावांपेक्षा छोटी, पण मला तीच करताना मजा आली. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळातल्या उर्दू पुस्तकांवर साल कधी हिजरी, कधी फसली, कधी इसवी. मराठी पोथ्यांवर शक. सॉफ्टवेअरला रकाना एकच: तारीख. १३४५ लिहिलेलं दिसलं की तो १३४५ समजतो आणि सालवार यादीत ते पुस्तक 'योगसंग्राम' च्याही तीनशे वर्षं आधी नेऊन ठेवतो. शक असेल तर ७८ मिळवायचे, योगसंग्रामाचा शक १५६७ म्हणजे १६४५. पण १३४५ हिजरी असेल तर १९२६-२७, आणि फसली असेल तर ५९० मिळवून १९३५-३६. आकडा तोच, फरक नऊ वर्षांचा. कसं ओळखायचं? मूळ मुखपृष्ठावर आकड्याशेजारी एक बारीक अक्षर असतं. दोन डोळ्यांची 'हे' असेल तर हिजरी, 'फे' असेल तर फसली. संकेतस्थळावर नोंद टाकणाऱ्यानं आकडा घेतला आणि अक्षर सोडून दिलं. आम्ही स्कॅन मोठं करून बघितलं, 'फे' होता. भाचीला उर्दू वाचता येतं पण अडखळत, तिची शाळा मराठी. तो 'फे' तिला मी दाखवला तेव्हा ती म्हणाली, ये तो मच्छर बैठा जैसा दिखता. तारखेच्या रकान्यात आम्ही १९३५ लिहिलं आणि 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात मूळ फसली साल. शेख महंमदांच्या बाबतीत उलटं: तारखेत आपल्या हातातल्या आवृत्तीचं साल, आणि एक्स्ट्रामध्ये मूळ १६४५. नाही तर प्रबंध वाचणाऱ्याला वाटायचं, तिनं सतराव्या शतकातलं हस्तलिखित हाताळलंय.

अक्षरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात करण्यासारखं फारसं नाही. आयात केलेल्या काही नोंदींत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा आला होता. एका शीर्षकात 'मराठी' च्या जागी ई-जे-के-बी-एच अशी अक्षरं. ती नोंद कुणी तरी कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली, युनिकोडमध्ये नव्हे. आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठी कपडे चढवलेले. उर्दूत जुन्या इनपेज फायलींचं तसंच. पुन्हा टाइप करणे हाच सोपा इलाज. दुसरा प्रकार, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' परत परत येतो. तिथे अक्षरं शाबूत असतात, वाचताना चुकीच्या पद्धतीनं वाचली गेलेली असतात. आरआयएस फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. तिथे मराठी नीट दिसलं तर 'यूटीएफ-८' निवडून पुन्हा जतन करायची आणि परत आयात करायची. आणि नुसती प्रश्नचिन्हांची रांग आली तर अक्षरं गेली, परत येत नाहीत. मूळ पानावर जायचं.

उर्दू पुस्तकांची शीर्षकं बहुतेक ठिकाणी इंग्रजी लिपीत मिळतात, आणि भाचीनं ती तशीच वाचून देवनागरीत आणली होती. नसीरुद्दीन हाश्मी यांचं 'दकन में उर्दू' तिच्या यादीत 'दकन मेन उर्दू' झालं होतं. ग्रंथालयवाले 'में' हे एम-ई-एन असं लिहितात, त्यांच्या लिप्यंतराची ती रीत आहे. पोरगी तरी काय करणार. मी खूप हसलो, मग वाईट वाटलं. आमच्या अब्बांच्या पिढीत हे शीर्षक कुणाला इंग्रजीतून वाचावं लागलं नसतं.

एका गोष्टीनं मात्र आम्हा दोघांना गप्प केलं. शोधगंगा सगळ्यांना माहीत असेल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं भांडार, देशभरातले प्रबंध तिथे ठेवले जातात. त्याच्यासारखीच इतरही भांडारं आहेत. अशाच एका ठिकाणाहून भाचीनं एक प्रबंध आयात केला होता, आपल्याच भागातल्या मुस्लिम स्त्रियांच्या लेखनावरचा. तिच्या तिसऱ्या प्रकरणात त्याचा नऊ वेळा उल्लेख. लेखक म्हणून एका सरांचं नाव. नवव्या रात्री आम्ही मूळ नोंद उघडली. सर मार्गदर्शक होते. प्रबंध एका बाईंचा होता. नोंदीत दोन नावं होती, त्यातलं बाईंचं नाव कुठे तरी गळलं आणि मार्गदर्शकांचं लेखकाच्या रकान्यात बसलं. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत ठेवलेला असतो, पहिला तुकडा मुखपृष्ठाचा. तो कुणी उघडत नाही, कारण त्यात वाचायला काही नसतं. आम्ही उघडला. तिथे बाईंचं नाव होतं, ठळक टायपात, आणि खाली लहान अक्षरात मार्गदर्शकांचं. भाचीनं नऊच्या नऊ वाक्यं काढून वाचली. नऊ ठिकाणी तिनं लिहिलं होतं, 'ते नोंदवतात'. मुस्लिम स्त्रियांच्या लेखनावर लिहिणारी मुलगी, मुस्लिम स्त्रीचं संशोधन, आणि 'ते'.

ती काही बोलली नाही. मी जिंतूरच्या लग्नाची गोष्ट तिला त्या रात्री सांगितली. याआधी घरात कुणाला सांगितली नव्हती.

त्या दिवसानंतर आमची पद्धत बदलली. आधी शंका आली तर मूळ पान बघत होतो. आता दोनशे अकरा नोंदींचं प्रत्येकाचं पहिलं पान बघायचं ठरलं. ज्याचं बघितलं त्याला हिरवी खूण. सॉफ्टवेअरमध्ये अशी रंगीत खूण लावता येते. आणि दुरुस्ती करायची ती संग्रहात, प्रबंधाच्या फाइलमध्ये नाही. फाइलमध्ये दिसते ती सूची म्हणजे आरशातलं तोंड. आरसा पुसून तोंडावरची शाई जात नाही. तिचे तीन दिवस तिथेच वाया गेले होते. नाव उलटं आलं असेल तर संग्रहात त्या नावावर उजवं क्लिक केलं की पहिलं-शेवटचं अदलाबदल करायचा पर्याय येतो. एका क्लिकचं काम. साठ नावं पाऊण तासात झाली.

विभागाला मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन वेगळ्या याद्या हव्या होत्या, त्या केल्या. उर्दूची यादी देवनागरीत केली. उर्दू लिपीत ठेवून बघितली होती, पण डावीकडून सुरू होणाऱ्या ओळीत उजवीकडची लिपी बसवली की पूर्णविराम आणि पृष्ठक्रमांक भलतीकडे उड्या मारतात, आणि छपाईवाल्याच्या दुकानात ते कोण सांभाळणार. मला ते तेवढं पटलेलं नाही. शीर्षकं तरी मूळ लिपीत हवी होती.

शेवटच्या रोजाच्या रात्री एकशे सत्त्याण्णव हिरव्या खुणा झाल्या. चौदा पुस्तकांची पहिली पानं कुठेच मिळाली नाहीत. भाचीनं त्या चौदांपुढे लिहिलं, 'मूळ ग्रंथ पाहिलेला नाही'. मार्गदर्शक रागावतील असं तिला वाटत होतं. रागावले नाहीत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती प्रबंधाची फाइल आणि माहिती भरायला गेली होती. फॉर्मवर दोन रकाने. आडनाव. नाव. मागे रांग उभी असावी, आवाज दबका होता.

"मामू, मैं अपना कैसा लिखूँ?"

मी म्हटलं, आडनावात शेख, नावात तुझं नाव.

"और अब्बा का?"

तिचे अब्बा, माझे मेहुणे, सहा वर्षांपूर्वी गेले. तिला एम.ए.ला घालणारे तेच. मी विचारलं, तिसरा रकाना नाही का.

"नहीं है."

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, अर्पणपत्रिकेत आहे त्यांचं पूर्ण नाव, पहिल्या पानाच्या मागे. फोन ठेवते, मागचे लोक ओरडतायत.